सामाईक

दादा गेली अकरा वर्षे एस्पोमध्ये राहतो. एस्पो हे हेलसिंकीला खेटून असलेले शहर. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यासारखी त्या दोघांमधली हद्दही फक्त पाटीवर दिसते. २०२३च्या जूनमध्ये, थोरली पाच वर्षांची आणि धाकटा दोनाला टेकलेला असताना, आम्ही चौघे दहा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो. मुलांच्या दृष्टीने हे सुट्टीत मामाच्या गावाला जाणे होते. माझ्या दृष्टीने मात्र ती सहल होती, आणि म्हणून मी चौदा ठिकाणांची एक यादी करून नेली होती, जिच्यात वेळा, तिकिटांचे दर आणि जवळचा ट्रामथांबा असे रकाने होते. वहिनीने ती यादी शांतपणे वाचली आणि फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लावून टाकली. “आधी त्यांना खाली वाळूत खेळू दे,” ती म्हणाली. “बाकीचं बघू.”

खाली, चार इमारतींच्या मधल्या अंगणात, लाकडी चौकटीत भरलेली वाळू होती आणि त्या वाळूत बादल्या, खोरी, चाळण्या आणि एक चाक तुटलेला ट्रक असा बराच ऐवज बेवारशासारखा पडलेला होता. धाकट्याने क्षणाचाही विचार न करता ट्रक ताब्यात घेतला. थोरली मात्र चौकटीबाहेर हात मागे बांधून उभी राहिली. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मीच तिच्या मनावर दोन वर्षे बिंबवले होते. “हे कुणाचं आहे?” तिने विचारले.

दादाचा मुलगा, माझा भाचा, सात वर्षांचा. त्याला हा प्रश्नच नीट कळला नाही. “कुणाचं नाही,” तो म्हणाला आणि मग मराठी शब्द न सापडल्यामुळे फिनिशमध्ये म्हणाला, “युह्तेइनेन.”

“म्हणजे सामाईक,” दादाने भाषांतर केले, आणि आम्ही दोघेही बहीणभाऊ एकमेकांकडे पाहून हसलो.

हसण्याचे कारण घरगुती होते. आमच्या गावी आजोबांची एक सामाईक विहीर होती आणि तिच्या पाण्याच्या पाळ्यांवरून दोन चुलत घराण्यांमध्ये आमच्या जन्माआधीपासून अबोला होता. मराठीत ‘सामाईक’ हा शब्द मी मुख्यतः वकिलाच्या कागदांत वाचलेला आहे: सामाईक भिंत, सामाईक बोळ, सातबाऱ्यावरचे सामाईक क्षेत्र. ज्या वस्तूवरून पुढेमागे भांडण होणार आहे, किंवा जी कुणीच दुरुस्त करणार नाही, ती सामाईक. इथे तोच शब्द सात वर्षांच्या मुलाने वाळूतल्या खोऱ्यासाठी वापरला होता आणि त्याच्या आवाजात भांडणाचा मागमूस नव्हता. खेळून झाले की वस्तू वाळूतच ठेवायची, एवढा एकच नियम त्याने थोरलीला सांगितला. पुढचे दहा दिवस ती प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारत राहिली, आणि माझ्या यादीतले रकाने बाजूला पडून त्या प्रश्नाचाच एक रकाना तयार झाला.

पहिले उत्तर बसमध्ये मिळाले. भाच्याची जुनी बाबागाडी दादाने तळघरातल्या कोठीतून काढून दिली होती. आम्ही गेलो तेव्हा हेलसिंकीच्या बस, ट्राम, मेट्रो आणि सरकारी फेरीबोटीत सात वर्षांखालच्या मुलांना तिकीट नव्हतेच, शिवाय बाबागाडीतल्या मुलाबरोबरच्या मोठ्या माणसालाही नव्हते. बाबागाडी मधल्या दाराने चढते. तिकिटासाठी पुढे ड्रायव्हरकडे जायचे म्हणजे मुलाला मागे एकटे सोडावे लागेल, असे दादाने कारण सांगितले. मला ते ऐकताक्षणी पटले. नवऱ्याला पटले नाही. बाबागाडी माझ्या हातात असल्यामुळे त्याला स्वतःचे तिकीट काढणे भागच होते, पण त्याने माझेही काढले. फुकट म्हटल्यावर पुढे कुठेतरी तपासनीस उभा असणार, या पुण्यात कमावलेल्या खात्रीने. तपासनीस काही आला नाही. बाबागाडीच्या जागेवर आणखी एक गाडी येऊन उभी राहिली, तिच्यातले बाळ झोपलेले होते आणि बाळाचा बाप उभ्याउभ्या सफरचंद खात होता.

ओदी हे हेलसिंकीचे मध्यवर्ती ग्रंथालय माझ्या यादीत सातव्या क्रमांकावर होते आणि त्याच्यासाठी मी तासभर राखून ठेवला होता. आम्ही तिथे तीन वेळा गेलो. फिनलंड १९१७ साली स्वतंत्र झाला, त्या शताब्दीची देशाने स्वतःला दिलेली ही भेट. इमारत ५ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या १०१व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी उघडली. ती बरोबर संसदेसमोर आहे. वरच्या मजल्याच्या सज्जात उभे राहिले की चौकापलीकडे संसदेचे खांब दिसतात. मुलांना संसदेशी कर्तव्य नव्हते. त्यांना त्या मजल्याची जमीन सापडली होती, जी टोकाला डोंगरउतारासारखी वर चढत जाते, आणि अशा उताराचा उपयोग काय असतो हे दोन वर्षांच्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही. तो चढला आणि लोळत खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा लोळत आला. मी दोन्ही हात पसरून मागे धावत होते आणि ओशाळून आजूबाजूला पाहत होते, कारण ग्रंथालय म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ‘शांतता राखा’ची पाटी आणि चष्म्यावरून रोखलेली नजर येते. पाच पावलांवर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी पाय थोडे आत ओढून घेतले, इतकेच.

पांढऱ्याशुभ्र, ढगासारख्या छताखाली पुस्तकांची कपाटे मुद्दाम ठेंगणी ठेवलेली आहेत. बाबागाड्या एका बाजूला ओळीने उभ्या असतात, जवळपास कॅफे आहे, आणि मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रे आणि त्रिमितीय छपाईची यंत्रे आहेत, ज्यांवर कुणीही येऊन काम करू शकते. आम्ही गेलो त्या दिवशी एक बाई तिथे पडद्यांना टीप घालत होत्या. थोरली त्यांच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन तिने हळूच विचारले, “मशीन सामाईक आहे. पण पडदे त्यांचे आहेत ना?” सातबाऱ्यावर एवढी स्पष्ट नोंद असती तर आमच्या विहिरीचे पाणी गोड झाले असते.

आता सूपाविषयी, कारण या प्रवासात मला सर्वांत जास्त अवघडल्यासारखे तिथेच झाले. हेलसिंकी महापालिका ठिकठिकाणी लेइक्कीपुइस्तो चालवते. शब्दशः पाहिले तर ही खेळबाग. पण घसरगुंडी-झोपाळ्यांबरोबर तिथे एक छोटे घर असते, महापालिकेचे कर्मचारी असतात आणि लहान मुलांना घेऊन कुणीही दिवसभर येऊन बसू शकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाच्या दिवशी दुपारी या बागांतून सोळा वर्षांखालच्या मुलांना फुकट गरम जेवण वाढतात. ही प्रथा १९४२ सालापासूनची, म्हणजे युद्धातल्या अन्नटंचाईच्या काळातली आहे. युद्ध संपले, टंचाई संपली, देश श्रीमंत झाला. जेवण चालूच राहिले. नियम एकच: भांडे आणि चमचा आपला आपण आणायचा.

कालिओ भागातल्या अशा एका बागेत वहिनी आम्हाला घेऊन गेली. निघताना तिने पिशवीत दोन स्टीलचे वाडगे टाकले. बारा वाजायच्या सुमारास मुलांची रांग लागली. कुणाच्या हातात प्लास्टिकचा डबा, कुणाच्या हातात चिनीमातीचा मग, एकाकडे चक्क लहानसे पातेले. आणि त्या रांगेत आमची थोरली, चकाकता वाडगा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी. त्या दिवशी भाज्यांचे सूप होते. वाढणाऱ्या बाईंनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. माझे मात्र पाऊल पुढे पडेना. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि ताटली घेऊन खिचडीच्या रांगेत उभी असलेली मुले मी लहानपणापासून पाहिली आहेत, पण त्या रांगेत मी कधी नव्हते. मी डबा नेत असे. आपल्याकडे फुकट जेवण ही चांगली गोष्ट असते, पण ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी असते. आपण तिच्याकडे कौतुकाने पाहायचे, वाटल्यास देणगी द्यायची. इथे रांगेत कोणाचे घर मोठे आणि कोणाचे लहान हे मला ओळखता येत नव्हते आणि त्यामुळेच बहुधा मला बेचैन वाटत होते. थोरली गवतावर बसून सूप पीत होती. ती म्हणाली की यात मीठ कमी आहे. खरोखरच कमी होते.

हे सगळे फार गोड लिहिले जात आहे याची मला जाणीव आहे, म्हणून दादाची बाजू नोंदवते. पगाराच्या कागदावर कराचा आकडा पाहिला की मला ती वाळू आणि ते सूप दिसायला लागते, असे तो म्हणतो, आणि ते तो दरवेळी हसतच म्हणतो असे नाही. वहिनीची तक्रार वेगळी आहे. पहिल्या हिवाळ्यात, भाचा तान्हा असताना, ती रोज त्याच अंगणात जात असे. तिथे इतर आयाही असत, त्यांची बाळे इथल्या रीतीप्रमाणे उघड्यावर, थंडीत, बाबागाडीत गुरफटून झोपलेली असत. आणि चार महिन्यांत तिच्याशी कुणी हवामानापलीकडे बोलले नाही. “वाळू सामाईक आहे गं,” ती मला म्हणाली, “गप्पा नाहीत.” आता तिच्या दोन फिनिश मैत्रिणी आहेत. त्यांतली एक तिला पाचव्या वर्षी मिळाली.

समुद्रकाठच्या बाजारचौकात, काउप्पातोरीत, आम्हाला वेगळाच धडा मिळाला. फिनलंडमध्ये दालचिनीची गुंडाळी असलेला एक गोड पाव मिळतो, कोर्वापुउस्ती. शब्दाचा अर्थ कानफटात. त्याच्या पिठात वेलची असते आणि तीही हात आखडता न घेता घातलेली. थोरलीने पहिला घास घेतला आणि “श्रीखंड!” म्हणून ओरडली. दुसरा घास तिला मिळाला नाही. मागून एक समुद्रपक्षी आला आणि तो पाव तिच्या हातातून अलगद उचलून घेऊन गेला. इथले कुरव या कामात पटाईत आहेत आणि बाजारात छत्रीखाली बसून खाणे शहाणपणाचे असते, हे आम्हाला नंतर समजले. ती रडेल असे मला वाटले होते. ती खांबावर बसलेल्या पक्ष्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “आता तो पाव कुणाचा?” नवऱ्याने तिला दुसरा घेऊन दिला आणि मालकी हक्काची चर्चा छत्रीखाली पुढे चालू झाली.

त्याच चौकातून सुओमेनलिन्नाची बोट सुटते. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, आणि तीही शहराच्या नेहमीच्या तिकिटात. १७४८ साली स्वीडनने रशियाच्या धाकाने बेटांवर हा जलदुर्ग बांधायला घेतला. तो आज जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे सुमारे आठशे माणसे राहतातही. बाबागाडीसाठी ही जागा वाईट आहे, कारण वाटा गोट्यांच्या आहेत आणि धाकट्याचे दात प्रत्येक धक्क्याला वाजत होते. पण मुलांसाठी याहून चांगला किल्ला मी पाहिलेला नाही. तटाच्या पोटात काळोखे बोगदे आहेत, त्यांत मोबाइलचा दिवा लावून शिरता येते. तोफा उघड्यावर उभ्या आहेत आणि त्यांच्यावर मुले घोड्यासारखी बसतात. हिरवळीने झाकलेले तट थेट समुद्रावर संपतात आणि त्यांना कठडे नाहीत. हे वाक्य मी दिसते तितक्या सहज लिहिलेले नाही. नवऱ्याने अख्खा दिवस धाकट्याला पाठीवरच्या झोळीत बांधून ठेवले आणि थोरलीचे मनगट सोडले नाही. तुमचे मूल तुम्ही सांभाळा, आम्ही त्यासाठी समुद्राला जाळी लावणार नाही, असा तिथला व्यवहार दिसला. सामाईक वस्तूंच्या या देशात काही गोष्टी अगदी वैयक्तिक आहेत.

थोरलीला किल्ला म्हणजे दिवाळीत सोसायटीत बनवतात तो ठाऊक. चिखलाचा, अळीव पेरलेला आणि माथ्यावर महाराज असलेला. तिने तटावरून चारी बाजूंना पाहिले आणि विचारले, “महाराज कुठे बसतात?” मी तिला मोठ्या अंगणातल्या समाधीपाशी नेले. ऑगस्टिन एरेन्सवॉर्ड, किल्ला बांधणारा अधिकारी, तिथे पुरलेला आहे. पण तो महाराज नव्हता, हे तिने लगेच पकडले. मग किल्ला कुणाचा? स्वीडनने बांधला, १८०८ साली वेढ्यात रशियाच्या हाती गेला, पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ रशियाचा राहिला आणि १९१८ मध्ये फिनलंडने त्याला सुओमेनलिन्ना, म्हणजे फिनलंडचा किल्ला, हे नाव दिले. हे सगळे पाच वर्षांच्या मुलीला समजेल अशा भाषेत सांगताना मला धाप लागली. तिने थोडक्यात आटोपले: “म्हणजे आधी भांडण झालं, मग सामाईक झाला.” तिच्यापाशी मी वाद घातला नाही.

सेनेट चौकाजवळ १७५७ सालचे, शहराच्या मध्यभागातले सर्वांत जुने दगडी घर आहे. त्यात शहर संग्रहालयाचा मुलांचा विभाग आहे आणि तिथेही तिकीट नाही. जुना शाळेचा वर्ग, आजीचे सत्तरच्या दशकातले घर असे काही त्यात मांडलेले आहे आणि सगळे हाताळायचे आहे. लहानपणी पुण्याच्या संग्रहालयांत काचेला नाक लावून मी अडकित्ते पाहिले होते. इथे धाकट्याने सत्तरच्या दशकातल्या टेलिफोनची तबकडी फिरवून आजीला, म्हणजे पुण्यातल्या माझ्या सासूबाईंना, फोन लावला आणि पलीकडून उत्तर येत नाही म्हणून रागावला. लिन्नानमाकी या १९५० साली सुरू झालेल्या जत्रेसारख्या उद्यानातही आत जायला पैसे लागत नाहीत, पाळण्यांना लागतात, आणि बालकल्याणासाठी चालणारे एक प्रतिष्ठान त्याचे मालक आहे, त्यामुळे नफा त्या कामाला जातो. तिथल्या १९५१च्या लाकडी रोलरकोस्टरवर अजून प्रत्येक खेपेला एक माणूस मागे उभा राहून हाताने ब्रेक मारतो. आम्ही खालून फक्त त्याला पाहिले. प्राणिसंग्रहालयाच्या बेटावर गेलो तेव्हा हिमबिबट्या झोपलेला होता, आणि मुलेही.

एक दिवस बारा अंश तापमानात दिवसभर पाऊस पडला. मी यादीतले छताखालचे पर्याय शोधत असताना वहिनीने भाच्याच्या जुन्या कुराहाउसुत काढल्या. ही खांद्यावरून पट्टे असलेली रबरी विजार, चिखलात बसण्यासाठीच शिवलेली. मुले चार तास अंगणात होती. त्या गडबडीत धाकट्याचा एक बूट हरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला कुंपणाच्या खांबावर, नाक शहराकडे करून, टोपीसारखा अडकवलेला सापडला. हिवाळ्यात इथे हातमोजे असे खांबांवर लावलेले दिसतात, दादा म्हणाला. सापडणारा ते उचलून दिसेल तिथे ठेवतो, हरवणारा परत त्याच वाटेने येतो. हे मात्र सामाईक नव्हते. ज्याचे होते त्याचेच राहिले होते.

निघायच्या आदल्या रात्री बाबागाडी पुसून तळघरात ठेवायला घेतली, तेव्हा तिच्या खालच्या जाळीत एक लाल खोरे निघाले. आमच्या अंगणातले नव्हते. थोरलीने ते लगेच ओळखले. कालिओच्या बागेतले, सूपाच्या दिवशीचे. धाकट्याने ते झोपेत हातात धरलेले असावे. वाजले होते सव्वानऊ. “खालच्या वाळूत टाक,” दादा म्हणाला. “सामाईकच आहे.”

“ते तिथलं सामाईक आहे,” थोरली म्हणाली.

नवऱ्याने तिला एका युरोत असली तीन खोरी येतात हे समजावून पाहिले. वहिनीने पुढच्या आठवड्यात आपण नेऊन देऊ असा शब्द दिला. ती बूट घालून दारात उभी राहिली. शेवटी आम्ही दोघी मेट्रोने निघालो. धाकटा घरी झोपला होता, बाबागाडी कोठीत गेली होती, त्यामुळे या खेपेस मला तिकीट काढावे लागले.

बाग रिकामी होती. घरातले दिवे बंद, झोपाळे स्थिर, पण वाळू आणि तिच्यातला पसारा जसाच्या तसा होता आणि भोवतालच्या इमारतींच्या वरच्या खिडक्यांवर अजून ऊन होते. थोरलीने खोरे एका निळ्या बादलीशेजारी ठेवले, दोन पावले मागे आली, पुन्हा गेली आणि ते वाळूत उभे रोवले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता ठेवलं ना? मग मी थोडं खेळू शकते.” मी चौकटीवर बसले. तिने बादली ओढून घेतली.